भाभीची बातमी

माझा पहिला हेवा एका मेलेल्या अमेरिकन बाईचा होता. पत्रकारितेच्या वर्गात सरांनी तिची गोष्ट सांगितली. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, तिथल्या बहुतेक बायकांना मत द्यायचाही अधिकार नव्हता तेव्हा, या बाईनं देशातल्या सगळ्यात मोठ्या तेल कंपनीचा पिच्छा पुरवला. कोर्टातली जुनी दप्तरं चाळली, कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला समोर बसवून बोलतं केलं, आणि एका मासिकातून महिन्यामागून महिने असं लिहिलं की शेवटी त्या कंपनीचे तुकडे झाले. वर्गातल्या बाकीच्या मुली भराभर उतरवून घेत होत्या. माझ्या मात्र पोटात दुखायला लागलं. हे हिनं केलं आणि मी का नाही, असं मला मनापासून वाटलं. माझ्या नावावर तेव्हा कॉलेजच्या अंकातला एक ललित लेख होता, तोही श्रावणावर.

हा स्वभाव मला आईकडून आला. शेजारणीचं लोणचं चांगलं मुरलं तरी आईला दोन घास कमी जात. मी तिच्यापेक्षा शिकलेली असल्यामुळे लोणच्यावर जळत नसे, बातम्यांवर जळत असे. मुंबईच्या एका दैनिकात लागले तेव्हा मला महिला पुरवणी मिळाली. गिरण्यांवर लिहायचंय म्हटलं की आमचे संपादक म्हणायचे, आधी ती उन्हाळी सरबतं संपवा. मी सरबतं संपवेपर्यंत गिरण्यांवर दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं असायचं, आणि ते बरं असायचं, हे जास्त वाईट.

मग लग्न झालं आणि मी रियाधला आले. हे एका मोठ्या कंपनीत स्टोअरकीपर होते. कंपनी मोठी म्हणजे किती, तर तबूकच्या लष्करी बांधकामापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत तिचे कामगारांचे कॅम्प होते, आणि त्या कॅम्पांत माणसानं काय खायचं, कुठल्या टाकीतलं पाणी प्यायचं आणि कुठल्या बसमध्ये बसायचं हे सगळं तीच ठरवत होती. तिची गोदामं रियाधच्या कडेला, अल सुलैला होती. विमानात बसताना मी मनाशी म्हटलं होतं, तेलाचा देश आणि एवढी मोठी कंपनी, आता त्या अमेरिकन बाईची काही खैर नाही.

प्रत्यक्षात मला कोपऱ्यावरच्या बेकरीत एकटीनं जायची सोय नव्हती. अबाया घालून यांच्यामागून चालायचं, गुरुवारी संध्याकाळी बत्थाच्या बाजारात जायचं आणि परत यायचं. संपादकांनी निरोप देताना सांगितलं होतं, तिकडून काहीतरी चुरचुरीत पाठवत जा. मी पाठवत होते. खजुराच्या वड्या, खबूस म्हणजे तिथली रोटी, तिला फोडणी, वाळवंटात दही कसं लावावं. खाली माझं नाव, पुढे स्वल्पविराम आणि रियाध. आमची मुलगी इंडियन स्कूलमध्ये जायची आणि मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. तिला मी एकदा माझा छापलेला मजकूर दाखवला तर तिनं विचारलं, मम्मी, इज धिस अ रेसिपी? मी हो म्हटलं.

आमच्या वरच्या मजल्यावर भाभी राहायची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची, लग्नाआधी गावच्या उर्दू शाळेत मास्तरीण असलेली. तिचा नवरा त्याच कंपनीत इलेक्ट्रिकल फोरमन होता. ती गोरीपान, उंच, हातात सोन्याच्या बांगड्या, आणि स्वतःबद्दल मत एकदम चांगलं. माझ्या कोथिंबीर वड्या खाऊन तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वहिनी, बेसन कच्चा राहिलाय. राहिलं होतं. तेव्हापासून मी तिच्यावर जळायला लागले, पण ती नुसती सुरुवात होती.

दर शुक्रवारी तिच्याकडे कॅम्पातली माणसं यायची. कॅसेट भरायला. आता हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण आखातातलं निम्मं कोकण तेव्हा पत्र लिहीत नसे, कॅसेट धाडत असे. घरी बायकोला वाचता येत नाही, आईला डोळ्यांनी दिसत नाही, आणि पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं तर घरची गोष्ट गावभर. त्यापेक्षा टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि सुट्टीवर जाणाऱ्या माणसाच्या हाती ती कॅसेट द्यायची. तिकडून त्याच कॅसेटवर उत्तर भरून येई. फोरमनकडे चांगला जपानी टेपरेकॉर्डर होता, म्हणून गवंडी, प्लंबर, सुतार सगळे त्यांच्याकडे येत. मुसलमान असोत की आमच्याकडचे, यंत्र एकच.

अडचण अशी की बटण दाबलं की या माणसांची वाचा बसायची. मी बरा आहे, तुम्ही बरे असाल, एवढं बोलून पुढे नुसता श्वासाचा आवाज. म्हणून भाभीनं एक युक्ती काढली होती. तिच्या हॉलमध्ये मधोमध एक फुलाफुलांचा पडदा होता. पलीकडे माणसं आणि तिचा नवरा बसायचा, अलीकडे स्वयंपाकघराच्या बाजूला ती. माणूस थांबला की ती पडद्याआडून विचारायची, अगदी त्याच्या घरचं माणूस विचारील तसं. जेवलास काय रे? भात मिळतो की नुसता खबूस? झोपायला जागा कशी हाय? गेल्या वेळेला खोकला होता तो गेला काय? आणि ती गप्प बसलेली माणसं घडाघडा बोलायला लागायची. बाजूच्या खाटेवरचा कसा घोरतो, पाण्याच्या टाकीत काय सापडलं, सुपरवायझर कुणाला काय बोलला, सगळं. गुहागरकडच्या एका बायकोनं म्हणे उलट कॅसेटवर विचारलं होतं, तुमच्या आवाजामागे कोण बाई बोलते तिचं आधी सांगा. भाभीनं ही गोष्ट मला हसून हसून सांगितली. मला त्या बायकोचं काहीही चुकलं आहे असं वाटलं नाही.

मी शुक्रवारी तिच्या स्वयंपाकघरात मदतीला जायची. मदत कसली, ऐकायला जायची. कोण, काय, कुठे, कधी आणि का, या पाच प्रश्नांवर मला वर्गात पहिला नंबर मिळाला होता. भाभी त्यातला एकही प्रश्न विचारत नव्हती आणि तिला सगळ्यांची उत्तरं मिळत होती. मी तिथे बसून कांदा चिरायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं ते सगळंच कांद्याचं नव्हतं.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि हिवाळ्याच्या तोंडाला रियाधमध्ये सगळ्यांच्या बोलण्यात एकच विषय आला, विषारी वायू. इराकचं क्षेपणास्त्र आलं आणि त्यात वायू असला तर काय करायचं. लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते. कंपनीनं आमच्यासारख्या कुटुंबांना मास्क दिले, प्रत्येकाचा वेगळा डबा, मुलीचा लहान. तो कसा लावायचा हे शिकवायला एक माणूस घरी आला होता. मुलीनं तो लावून आरशात पाहिलं आणि तिला दिवसभर आनंद झाला.

पुढच्याच शुक्रवारी एक गवंडी बायकोसाठी कॅसेट भरायला बसला होता. भाभीनं पडद्याआडून विचारलं, आणि त्या गॅसवर तुम्हाला काय दिलान? तो म्हणाला, टॉवेल. ओला करून तोंडावर धरायचा. भाभीनं विचारलं, मास्क? तो म्हणाला, ते मागवलेत म्हणतात, येतील. आणि मग तो बायकोला सांगायला लागला की काळजी करू नको, टॉवेल चांगला जाड आहे.

माझ्या हातातली सुरी थांबली. हीच ती बातमी होती. मी इतकी वर्षं ज्या बातमीची वाट पाहत होते ती पडद्यापलीकडे मांडी घालून बसली होती. साहेबांना मास्क आणि कॅम्पातल्या शेकडो माणसांना ओला टॉवेल. ही बातमी वेळेवर छापून आली तर त्या माणसांच्या नाकावर मास्क चढणार होता, हे मला कळत होतं. पण खरं तेच सांगायचं तर त्या क्षणी मला माणसं दिसत नव्हती. मला पहिलं पान दिसत होतं आणि त्यावर माझं नाव दिसत होतं.

आता प्रश्न एवढाच होता की मास्क खरोखर यायचे आहेत, की आलेत आणि दिले नाहीत. यालाच काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. कंपनीत जी वस्तू येते ती सुलैच्या गोदामात उतरते, आणि त्या गोदामाची किल्ली माझ्या नवऱ्याच्या खिशात होती. मी त्या संध्याकाळी यांना जेवायला वाढलं आणि सरळ विचारलं, मास्क कधी आले, किती आले आणि वाटले का नाहीत? यांनी मान वर केली नाही. म्हणाले, तुला काय करायचंय? मी म्हटलं, मला लिहायचंय. ते म्हणाले, मग मला काहीच माहीत नाही. इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना, तो ज्याच्या हातात तो कफील, मुलीची शाळा, सगळं त्या एका वाक्यात होतं आणि मला ते समजत नव्हतं असं नाही. पण मी पत्रकार होते आणि माझ्या घरात एक अधिकृत सूत्र बसून आमटीभात खात होतं आणि मला काही सांगत नव्हतं. मी त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी वर गेले तेव्हा भाभी वाटण वाटत होती. जरा वेळानं पडद्यापलीकडे आवाज आला आणि माझ्या ओळखीचा खोकला ऐकू आला. हे आले होते. यांची आई गावी एकटी होती, तिला दिसत कमी, आणि युद्धाच्या बातम्या ऐकून तिनं अन्न सोडलंय असा निरोप आला होता. तिला आवाज ऐकवायला म्हणून हे कॅसेट भरायला आले होते. ते बाहेरून थेट वर आले होते, मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. भाभीनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाट्याकडे वळली.

हे म्हणाले, आई, मी बरा आहे. मग गप्प. कॅसेट फिरतेय आणि हे गप्प. भाभीनं पाट्यावरचा हात पुसला आणि पडद्याजवळ जाऊन आईच्या सुरात विचारलं,

"असा काय रे बोलतोस? झोप लागत नाय काय तुला?"

आणि माझा नवरा बोलायला लागला. नाही लागत म्हणाला. रोज संध्याकाळी गोदामाला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकून घरी येतो. आत मास्कची खोकी छतापर्यंत रचली आहेत. कॅम्पच्या नावानं आलीत, वाटली असं वर कळवलंय, आणि आमच्या मॅनेजरनं, मुदीरनं, दडवून ठेवलीत. लढाई जवळ आली की दुसरी कंपनी चढ्या भावानं घेणार आहे. माणसं गोदामासमोरच्या बसमध्ये चढतात तेव्हा मला विचारतात, साहेब, आमचे आले काय? मी म्हणतो, नाही आले. लग्नानंतर मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

मी मिक्सरशेजारी भिंतीला टेकून उभी होते. अंगाचा तिळपापड म्हणतात तो असा असतो. बातमी मिळाली म्हणून आनंद व्हायला हवा होता, माणसांसाठी राग यायला हवा होता, आणि मला फक्त एवढंच सुचत होतं की हे यांनी तिला सांगितलं. मी ताट वाढून विचारलं तेव्हा नाही सांगितलं, हिनं पडद्याआडून विचारलं तर सांगितलं. ती देखणी होती याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. ती मला हवी असलेली गोष्ट माझ्याच माणसाकडून काढून घेऊन गेली याचं वाटलं.

भाभीनं बटण बंद करायला लावलं. मग पडद्यापलीकडे म्हणाली, भाऊ, ही आईला नको धाडायला, तिच्यासाठी दुसरी भरू. पण हा मी पेपरात सांगू काय? तुमचा नाव कुठं येणार नाय. मग हे म्हणाले, सांगा.

दुसऱ्या दिवशी ती खाली माझ्याकडे आली आणि तिनं स्वच्छ विचारलं, तुमचा संपादक कॅसेट ऐकेल काय? पत्र टपालात फोडून बघतात, कॅसेटकडे कोण बघत नाय. माझा दीर लग्नाला गावी चाललाय, तो मुंबईला माझ्या भावाकडे देईल, भाऊ पेपरवाल्याकडे नेऊन देईल. मी म्हटलं, संपादक असलं काही छापणार नाहीत, त्यांना लेख लागतो. लेख मी लिहीन. ती म्हणाली, लिवा की, दोन्ही धाडू, बघू काय छापतात. तिच्या तोंडावर असा विश्वास होता की मला लेख लिहायला दुप्पट जोर आला.

मी झटून लिहिलं. मथळा होता, वाळवंटावर विषवायूचे सावट आणि उपेक्षित श्रमिक. त्यात युद्धाचा इतिहास होता, तेलाचं राजकारण होतं, माणुसकीचा गहिवर होता, आणि गोदामाबद्दल विश्वसनीय सूत्रांकडून समजते असं होतं. भाभी वर काय बोलतेय ते मला जिन्यातून ऐकू येत होतं. ती कॅसेटमध्ये सरळ आपल्या बोलीत सांगत होती, जसं गावच्या बायांना सांगितलं असतं तसं. मधे मधे त्या माणसांची उत्तरं, त्यांच्याच शब्दांत, नावं गाळून. मला ती अगदी गावंढळ वाटली आणि मी समाधानानं झोपले. तिनं कॅसेट आणि माझे कागद एकाच पिशवीत घातले, वर खजुराचं पाकीट.

सुट्टीवरून तिचा दीर परत आला तेव्हा लढाई अगदी दारात येऊन उभी होती. त्यानं आमच्यासाठी सुक्या कोळंबीचे सोडे आणले होते. सौदीत बाहेरचं वर्तमानपत्र विमानतळावर काढून घेत, पण सोड्यांची पुडी कोण सोडून बघणार. ती पुडी पेपरातच बांधली होती. भाभीनं सोडे परातीत ओतले आणि कागद सपाट केला. मुंबईचं आमचंच दैनिक, पहिलं पान. मास्क गोदामात, माणसं टॉवेलवर, असा मथळा. खाली लिहिलं होतं, रियाधमधील आमच्या वार्ताहराकडून.

मी उभ्यानंच वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भाभी होती. संपादकांनी तिच्या तोंडचं हाय आणि नाय सुद्धा तसंच ठेवलं होतं. माझ्या लेखातला एक शब्द नव्हता, एकही नाही. मी आतलं पान उलटलं. तिथे माझं नाव होतं, पुढे स्वल्पविराम आणि रियाध, आणि वर खजूर घालून केलेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीची कृती.

"मला म्हायत होता," भाभी म्हणाली, "माझाच घेतील."

तिला सोड्यांची परात फेकून मारावी असं मला वाटलं. मी म्हटलं, छान झालंय हो. आणि खरंच छान झालं होतं, त्याचंच दुःख होतं. माझ्या लेखात कुणी मेलं असतं तर ते श्रमिक मेले असते. तिच्या बातमीत तो गवंडी होता आणि त्याचा जाड टॉवेल होता.

तो कागद कॅम्पात गेला. तिथे तो मोठ्यानं वाचला गेला, मग हिंदीत सांगितला गेला, मग मल्याळीत आणि तमिळमध्येही. मुंबईच्या इंग्रजी पेपरांनीही ती बातमी उचलली होती, वकिलातीतून कंपनीला फोन आला, आणि आठवडा संपायच्या आत यांना गोदाम उघडायचा हुकूम झाला. हे त्या दिवशी घरी आले तेव्हा हातांना पुठ्ठ्याचा वास येत होता. पहिलं क्षेपणास्त्र रियाधवर आलं तेव्हा कॅम्पात प्रत्येक खाटेला एक मास्क लटकत होता. वायू आला नाही हे सगळ्यांचं नशीब. पण ते कुणाला आधी माहीत होतं?

आता ती चूक सांगायची, जी फक्त आमच्या संपादकांसारख्या भल्या माणसाच्या हातून होऊ शकते. बातमी लिहिणाऱ्याला धोका नको म्हणून त्यांनी काळजीपूर्वक नाव काढलं, आणि त्याच अंकात चिक्कीखाली माझं नाव राहू दिलं. रियाधमध्ये त्या पेपरात लिहिणारी बाई एकच. कॅम्पातल्या कुणाला संशय सुद्धा आला नाही, लिहिणारी मीच अशी त्यांची खात्रीच झाली.

पुढच्या शुक्रवारी माणसं भाभीकडे आली ती कॅसेट भरायला नाही. बुरैदाला कामाला गेलेल्या कुणीतरी चांगल्यातला खजूर आणला होता, त्याचा डबा घेऊन आली. पडद्यापलीकडून त्यांच्यातला एक वयस्क सुतार म्हणाला की स्टोअरवाल्या साहेबांच्या बाई इथे येतात असं ऐकलं, हा त्यांना द्या, त्यांनी लिहिलं म्हणून आमच्यावर अल्लाची मेहेर झाली. आमच्या घरच्यांनी त्यांना दुवा दिलाय. डबा पडद्याखालून आत सरकवला गेला.

मी भाभीकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता की तिच्या ताटातला मासा कुणी उचलून नेलाय. हे हिचं नाही, माझं आहे, असं म्हणायला तिचा नवरा त्या कंपनीत नसता तर चाललं असतं. चार मुलं, नवऱ्याचा इकामा, सगळं त्या एका वाक्यावर होतं. मीही कुणाची चूक सुधारली नाही. ती चहा ओतायला उठली आणि तिनं माझा कप बशीशिवाय ठेवला. हेवा काही फक्त माझ्याच घरी भाड्यानं राहत नाही हे मला तेव्हा कळलं, आणि काय सांगू, फार बरं वाटलं. मी खजूर खाल्ला. उत्तम होता.

"खा वहिनी," ती म्हणाली, "बी तेवढी बघून खा."

लढाईचे आठवडे आम्ही दोन्ही घरांनी आमच्या एका खोलीत काढले, खिडक्या चिकटपट्टीनं बंद करून. भोंगा झाला की माझी मुलगी मास्क लावून भाभीच्या मांडीवर जाऊन बसायची, कारण भाभी तिला विचारायची की आज शाळा असती तर कुठला तास असता. आणि मुलगी तिला मराठीत उत्तर द्यायची. मला ते बघवत नसे. मी आपली दिवा आणि पाण्याच्या बाटल्या नीट लावत बसायची.

लढाई संपली, विमानं सुरू झाली, आणि यांना मुदीरनं ऑफिसात बोलावलं. टाइमकीपर आमच्याकडचा होता, त्यानं मुदीरला तो कागद इंग्रजीत वाचून दाखवला होता, चिक्कीसकट. हे दुपारीच घरी आले. चपला काढल्या, हात धुतले, आणि म्हणाले, खलास. पासपोर्टवर एक्झिट मारणार आहेत. महिनाभरात निघायचं.

मी कणीक मळत होते. मी विचारलं, गोदामातून बातमी गेली कशी ते त्यांना कळलं का? ते म्हणाले, तसं काही विचारलंच नाही. मुदीरनं एवढंच विचारलं की हे तुझ्या बायकोनं लिहिलंय का. मी म्हटलं, मग तुम्ही नाही म्हणायचं होतं. ते खरं होतं. ते म्हणाले, नाही म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं मग कुणी, आणि शुक्रवारी माणसं कुणाच्या घरी बसतात हे शोधायला त्याला अर्धा दिवस पुरला असता. वरची सहा माणसं रस्त्यावर आली असती. आपण तिघंच.

हे सगळं बरोबर होतं. मला त्यात एकही चूक काढता येत नव्हती, आणि म्हणून मी जास्तच चिडले. मी म्हटलं, तिच्यासाठी तुम्ही आपलं घर मोडलंत. ते म्हणाले, कॅम्पातल्या माणसांसाठी मी बोललो, तिच्यासाठी नाही. मग जरा वेळ टेबलावरचं पीठ बोटानं सारखं करत बसले. हे असे गप्प बसले की मला नेहमी पुढचं वाक्य महागात पडतं.

"त्यानं विचारलं, युवर वाइफ इज अ जर्नलिस्ट?" ते म्हणाले. "मी इतकी वर्षं सगळ्या फॉर्मवर हाउसवाइफ लिहिलं. त्या दिवशी म्हटलं, येस सर. माय वाइफ इज अ जर्नलिस्ट. शी रोट इट."

मी बोटांना चिकटलेली कणीक काढायला लागले.

"म्हणताना," ते म्हणाले, "मला ते खरंच वाटलं. फार अभिमान वाटला."

आणि ते हसले, अगदी लाजून, लग्नाच्या वेळच्या फोटोत हसलेत तसे. त्यांच्या चेहऱ्यावर नोकरी गेल्याचं काही नव्हतं. एखाद्याच्या बायकोनं मोठं काम केलं की त्याच्या तोंडावर जे येतं ते होतं. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकायला मी लग्नापासून थांबले होते. ते आलं तेव्हा माझ्या नावानं आलं, पण तिच्या कामासाठी आलं. तेव्हा मला भाभीचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही, आणि यांचा तो चेहरा उतरू नये म्हणून मी म्हटलं, बरं केलंत.